तांदळाएवढा का गव्हाएवढा

"पडला! पडला! आणखी एक पडला!"

आमच्या दारासमोर सक्करदऱ्याची अर्धी वस्ती उभी होती. पोट्टे छपराच्या कवेलूवर चढले होते. बाया एकमेकीच्या खांद्यावरून वाकून पाहून राहिल्या होत्या. मधात बाजेवर माया बाप, मनोहरराव, पाय लोंबवून बसला होता. पायाखाली पांढरं धोतर अंथरलं होतं. अन् त्याच्या टाचेच्या जखमेतून एक-एक गुबगुबीत किडा बाहेर येऊन धोतरावर टपकून राहिला होता. टपकला का वळवळत धोतराच्या काठाकडे जाय, मातीकडे.

दहा हात दूर, लिंबाखाली, डोळे मिटून धोंडबा महाराज. त्यानं जखमेले बोटबी लावलं नव्हतं. हातात लाल दोरा. एक किडा पडला का दोऱ्याले एक गाठ.

"चाल रे पांढऱ्या! मातीचा तू, मातीत जाय! आग नाही लावत, दवा नाही लावत, शब्दानं काढतो तुले! चाल!"

"काय ताकद आहे गा शब्दात!" मागून कोणीतरी म्हणलं. टाळ्या पडल्या.

सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. मी म्हणजे भागीरथा, मनोहररावची पोरगी. वय सोळा. नववीत मास्तरनं कान पिळला, मी डस्टर फेकून मारला, अन् मंग शाळेत गेलीच नाही. वस्तीत म्हणतेत का भागीचं डोकं गरम आहे पण नजर तेज आहे. चौऱ्याहत्तर सालच्या त्या भादव्यात नजर होती ठिकाणावर. तोंडच बंद ठेवलं मी. त्याचीच ही गोष्ट आहे.

बाबा संत्र्याच्या पेट्या ठोकते. फळ्या, खिळे, हातोडी, दिवसाले साठ पेट्या. एक खिळा उलटा पडला होता, त्याच्यावर पाय गेला. टाच फाटली. कुसुमताईनं मोठ्या दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम बांधून दिली. कुसुमताई आमच्याच गल्लीतली, दवाखान्यात नर्स आहे. मले म्हणे, "भागी, आई नाही तुले, हे आता तुयं काम. रोज पाणी उकळून जखम धू, नवी पट्टी बांध. माशी बसू देऊ नको."

चार दिवस मी केलं. पाचव्या दिवशी पट्टी जरा घट्ट बसली. बाबा कळवळला अन् चार माणसायसमोर म्हणाला, "शाळा सोडली, आता पायाची पट्टीबी येत नाही हिले."

मले असा राग आला! "मंग सोताच बांधा," म्हणलं, अन् पट्टी तिथीच फेकून निघाली. तो सोता बांधणार कसा? टाच कोणाले दिसते? जुनी पट्टी ढिली झाली, घसरली, उघडी पडली. मी पाहत होती. मुद्दाम नाही बांधली. चार दिवस. बाबाबी हट्टाचा, बांध म्हणाला नाही.

चौथ्या दिवशी घरात वास सुटला. वाकून पाहते तर जखम हलून राहिली होती.

मी अंगणात जाऊन ओकली. कुसुमताईकडे जावं, तर ती पहिले इचारणार, "पट्टी कधी बदलली होती?" सगळ्या गल्लीत छी-थू होणार. म्हणून मी दुसरीकडे धावली.

धोंडबा रामटेककडचा. तलावाच्या काठी गवळ्यायच्या गोठ्यात उतरला होता. बैलाच्या खांद्यात, म्हशीच्या खुरात किडे पडले का हा ते 'झाडे'. जनावराजवळ जायबी नाही. मालकाचं नाव, जनावराचा रंग इचारे, घरी बसल्या दोऱ्याले गाठी मारे, अन् किडे गळून पडत. गवळी त्याच्या पाया पडत.

मी सगळं सांगतलं. त्यानं डोळे मिटले, मान हलवली, अन् हळूच दोन गोष्टी इचारल्या.

"किती दिवस झाले किडे दिसून?"

"आजच दिसले."

"केवढे आहेत? तांदळाएवढे का गव्हाएवढे?"

"तांदळाएवढे... थोडे मोठे."

बोटावर काहीतरी मोजलं त्यानं. "परवा सकाळी पडतीन. तवरिक पायाले पाणी नाही, दवा नाही, हात नाही. नाहीतर इद्या तुटंल."

तेव्हाच माया डोक्यात टक झालं. इद्या शब्दाची आहे, तर याले किड्याची लांबी कायले पायजे? गवळ्यायले नाव, रंग इचारे, ते सगळं मोठ्यानं. हे काहून हळूच? मी पाहिलं. अन् गिळून टाकलं. मले त्या घडीले खरं नव्हतं पायजे. मले सुटाचं होतं.

आमच्या वस्तीनं छप्पनमध्ये दीक्षा घेऊन देव सोडले. बाबानं घरचे टाक बोरीत बांधून तलावात टाकले होते, ते तो अजून छाती काढून सांगते. त्यामुळं धोंडबा आला तर बाबा बाजेवरूनच ओरडला, "आमच्यात हे चालत नाही गा! अंगात येणं-बिणं दुसरीकडे."

धोंडबा हुशार. त्यानं हात जोडले. "दादा, मी कायचा देव आणतो? देव मीबी मानत नाही. देवाचं नावबी आहे का माया तोंडात? हे इद्या होय. जशी डॉक्टरची, तशी मायी. एकाले सुई, एकाले शब्द."

"देव नाही ना?" बाबानं इचारलं.

"नाही."

"नवस? कोंबडं?"

"काहीच नाही."

"मंग जमते," बाबा म्हणाला.

दुसऱ्या वस्तीत हा देवाचं नाव घेऊन घुसला असता. आमच्याकडे देवाले शिव्या देऊन घुसला. दार एकच.

तिसऱ्या दिवशी किडे पडले. ते तुम्हाले सुरुवातीलेच सांगतलं. अन् जखम? मंग पाणी टाकून पाहिलं तर आत लाल, ताजं मास. सडकं, पिवळं सगळं गायब. पंधरा दिवसात टाच भरत आली. बाबा जो येईल त्याले पाय वर करून दाखवे. "इद्या आहे गा, इद्या! अंधश्रद्धा नोहे."

मी नळावर सांगे. पिठाच्या चक्कीवर सांगे. किडे कसे पडले, गाठी किती झाल्या, सगळं तिखट-मीठ लावून. दोनच गोष्टी सोडून देई. चार दिवस पट्टी नाही बदलली ते. अन् त्यानं हळूच काय इचारलं ते.

धोंडबानं गोठा सोडला. आमच्या लिंबाखाली बस्तान मांडलं. पण सगळ्यायच्या जखमेत कुठं किडे असतेत? त्याची तोड त्यानं काढली. "किडा आत आहे, लाजून बसला आहे. बोलवा लागते." मंग गुळाचं पाणी अन् ताज्या कलेजीचा तुकडा जखमेवर ठेवे. पट्टी नाही बांधाची, तीन दिवस उघडं. कलेजी आणाची घरवाल्यायनं, अर्धा किलो. त्यातला नखाएवढा तुकडा जखमेवर, बाकीची धोंडबाच्या चुलीवरच्या गंजात, तिखट घालून. वास असा सुटे का पोट्टे लिंबाखालून हलत नसत. तीन-चार दिवसात किडे दिसत. लोक म्हणत, "पाहा, आत होते ना! डॉक्टरले दिसले नसते."

शेजारची रुखमाबाई बिड्या वळते. आई गेली तेव्हापासून मले दोन टाइम जेवाले तिनंच घातलं. मी तिले मावशी म्हणते. तिले साखरेची बिमारी. उजव्या पायाचं धाकटं बोट काळं पडलं होतं. दवाखान्यात सोमवारची तारीख दिली होती, तेवढं बोट काढाचं म्हणून. मावशीची झोप उडाली होती.

शनिवारी तिनं मले जवळ बसवलं. "भागी, तू खोटं बोलत नाही. तुया बापाचं खरंच झालं का वं?"

"हाव मावशी. मी डोळ्यानं पाहिलं."

"बोट वाचंल मायं?"

"बाबाची टाच वाचली ना."

एक शब्द खोटा नव्हता त्यातला. म्हणून तर अजून जास्त बोचते.

सोमवारी मावशी दवाखान्यात नाही गेली. लिंबाखाली गेली. गुळाचं पाणी. कलेजी. चौथ्या दिवशी किडे आले, वस्तीनं टाळ्या वाजवल्या. पण बाबाचं झालं तसं काही झालं नाही. पाय सुजला. काळं बोटावरून पंजावर सरकलं. मावशीले ताप भरला. धोंडबा म्हणे, "खोल आहेत. दुसरी खेप लागंल."

त्याच दिवसात मी लिंबामागे गेली होती, काड्या येचाले. तिथी पळसाच्या पानावर धोंडबानं फेकलेला कलेजीचा तुकडा पडला होता. त्याच्यात किडे. वळवळून राहिले होते, तांदळाएवढे.

मी थांबली. हे कोणाच्या पायात होते? बकऱ्याले कोणता रोग होता? हा किडा कोणत्या आतून लाजून बाहेर आला?

दुसऱ्या दिवशी पाहिलं, मोठे. तिसऱ्या दिवशी गव्हाएवढे, फुगलेले. चौथ्या दिवशी सकाळी पान रिकामं. काडीनं पानाखालची माती उकरली. सगळे तिथीच, बोटभर खोल, काही तपकिरी होऊन कडक झालेले, जिऱ्यापेक्षा मोठे दाणे जसे. तिथी कोणी दोरा नव्हता बांधला. कोणी 'चाल रे' नव्हतं म्हणलं. पोट भरलं अन् ते आपले आपण मातीत गेले.

सूर्याले संध्याकाळी 'मावळ' म्हणाचं अन् टाळ्या घ्याच्या, हे त्याची इद्या. फक्त संध्याकाळ कधी आहे ते आधी इचारून घ्याचं.

मी तशीच कुसुमताईच्या घरी गेली. पहिले पट्टीचं सांगतलं, मंग बाकी. मले वाटलं थापड मारंल. तिनं नाही मारली. मारली असती तर बरं झालं असतं.

"किडा काही वाईट नाही भागी," ती म्हणाली. "माशी अंडे घालते, त्यातून निघते तो. काही जातीचे किडे फक्त मेलेलं मास खातेत. लढाईत मैदानात पडून राहिलेल्या सैनिकायच्या जखमा किड्यायनं साफ केलेल्या डॉक्टरायनं पाहिल्या आहेत. मंग काही डॉक्टर मुद्दाम जंतू मारून, अलग वाढवलेले किडे मोजून जखमेत सोडत, जाळीनं झाकत, अन् वेळेवर काढून टाकत. पुस्तकात आहे ते. तुया बापाची टाच त्यायनंच साफ केली. मंतरानं नाही."

"मंग मावशीची काहून नाही केली?"

"उकिरड्यावरची माशी आहे ते. कोणत्या जातीची, कोणता रोग पायावर घेऊन आली, कोणाले ठाव? काही जाती जितं मासबी कुरतडतेत. तुया बापाचं रक्त चांगलं, सुई घेतलेली. रुखमाबाईच्या पायात साखरेनं रक्तच नीट पोचत नाही. काळं वर चढून राहिलं. तिले आज नेलं पाहिजे."

आम्ही दोघी धावलो. मावशी तापानं फणफणली होती.

"मावशी, ऊठ. दवाखान्यात जाचं आहे. ते सगळं खोटं आहे."

"तूच तर म्हणली होती डोळ्यानं पाहिलं."

"पाहिलं, पण..."

"मंग आता काहून पलटली? पाय कापतीन माया. नाही येत मी." तिनं तोंड फिरवलं. "महाराज म्हणते दुसऱ्या खेपेले पडतीन."

कुसुमताईनं समजावलं, बाबानं उलटं समजावलं. मावशी हलली नाही. कुसुमताई बाहेर येऊन म्हणाली, "हिचा भरोसा त्याच्यावरून उठला पाहिजे. अन् लवकर. एक-एक दिवस महाग आहे."

माया डोक्यात आग होती. मी दोन डालड्याचे डबे घेतले. दोन्हीत खाली माती, मातीवर पळसाचं पान, पानावर कलेजीचा तुकडा किड्यासकट. तुकडे लिंबामागचेच, तो रोज फेकत होता. एकात कालचे बारके, एकात फुगलेले गव्हाएवढे. वरून फडकं बांधून टाकलं. दोन्ही डबे दिसाले सारखे. संध्याकाळी भरल्या गर्दीत धोंडबासमोर नेऊन ठेवले. मावशीची बाज बाबानं अन् दोघा-चौघायनं दारात आणून ठेवली होती, तिले दिसावं म्हणून.

"महाराज, दोन्ही डब्यात किडे आहेत. या एकातले झाडा. दुसऱ्याले हात लावू नका, दोन्ही कुसुमताईजवळ राहतीन. सकाळी उघडून पाहू."

धोंडबा हसला. "पोरी, माणसाचा किडा अलग, बकऱ्याचा अलग."

"बैलाचे तर झाडत होते! बैलबी माणूस होता काय?"

लोक हसले. धोंडबाले ते झोंबलं. त्यानं दोरा काढला. "आण इकडे." मंग डब्याजवळ तोंड नेऊन हळूच, "किती दिवसाचे आहेत? तांदळाएवढे का गव्हाएवढे?"

मी मागे वळून वस्तीकडे पाहत ओरडली, "ऐका! महाराज इचारते, किडे केवढे आहेत! काहून वं महाराज, तुमच्या शब्दाले माप लागते काय?"

घाईत मी बाईले म्हणाचं 'वं' माणसाले म्हणून गेली. बाया खिदळल्या. पण काही माणसं हसली नाहीत. त्यायले आठवलं असंन, त्यायलेबी हेच इचारलं होतं.

"सांगते का नाही?" धोंडबा चिडला.

"नाही सांगत."

आता मागे कसा जाईल? त्यानं डोळे मिटले. "मातीचा तू, मातीत जाय! शब्दानं काढतो तुले!" गाठीवर गाठी. बारा गाठी मारल्या. "जाय. सकाळी डबा रिकामा भेटंल."

डबे रातभर कुसुमताईच्या ओट्यावर, चार माणसायच्या पहाऱ्यात.

सकाळी बाबा म्हणाला, "मी उघडतो." टाच त्याची, इज्जत त्याची. पहिले मंतरलेला डबा. फडकं काढलं. पानावर किडे जागच्या जागी, कलेजीत तोंड खुपसून. एकबी मातीत गेला नव्हता. मंग दुसरा उघडला, ज्याले कोणी शब्दबी बोललं नव्हतं. पान रिकामं. मातीत बोट घातलं तर सगळे खाली.

लिंबाखाली पाहिलं तर गंज होता, धोंडबा नव्हता.

बाबा माया तोंडाकडे पाहून म्हणाला, "मंग मायी टाच?"

मले वाटलं सांगावं, सगळ्यायसमोर. सांगतलं. "बाबा, मी पट्टी नाही बदलली. चार दिवस. मुद्दाम. माशी बसली, किडे झाले. पोट भरलं तसे पडले. तो आला नसता तरी पडले असते. अन् तो किड्याचं माप इचारते हे मले पहिल्या दिवसापासून ठाव होतं."

बाबानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मले वाटलं ओरडंल. तो मावशीकडे पाहून राहिला होता.

मावशी बाजेवरूनच म्हणाली, "रिक्षा बोलवा."

पाय घोट्याच्या वरून कापला. डॉक्टर म्हणाले, तारखेले आली असती तर एका बोटावर भागलं असतं.

ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी मी वॉर्डात गेली. मावशी भिंतीले टेकून बसली होती. चादर एका बाजूले सपाट होती. मले तिकडे पाहवत नव्हतं, म्हणून मी तिकडेच पाहिलं.

"तुले ठाव होतं," मावशी म्हणाली. इचारलं नाही, म्हणलं.

"सगळं नव्हतं ठाव. पण इचाराचं होतं ते ठाव होतं."

"मंग काहून नाही बोलली वं?"

"मायी चूक उघडी पडली असती."

बाजूच्या खाटेवरच्या पेशंटसोबत एक बाई आली होती, ती उठून बाहेर गेली. मी म्हणलं, "मावशी, मार मले." मावशी म्हणली, "उठता तर येऊ दे." अन् आम्हा दोघीले हसू नाही आलं.

निघताना तिनं हात धरला. घट्ट. "नळावर सांगत होती ना? आता तसंच सांग. तुया बापाच्या टाचेचं जेवढ्या जणाले सांगतलं तेवढ्यायले माया पायाचं सांग. नाव घेऊन सांग, रुखमाबाई म्हणून. मी नाही लाजत. तू लाजू नको."

म्हणून सांगून राहिली. नळावर सांगतलं, चक्कीवर सांगतलं, गोठ्यात जाऊन गवळ्यायले सांगतलं. धोंडबा कोण्या दुसऱ्या लिंबाखाली बसला असंन. तिथी तो कोणत्या सोंगात असंन ते मले ठाव नाही. देवाच्या असंन, नाहीतर देवाले शिव्या देऊन इद्येच्या असंन.

जखम झाली तर झाकून ठेवा. माशी बसू देऊ नका. किडे पडले तर लाजू नका, दवाखान्यात जा. नर्स ओरडंल, ओरडू द्या. अन् कोणी सांगतलं का मी मंतर मारला अन् असं झालं, तर टाळी वाजवाच्या आधी एकच इचारा: ज्याच्यावर मंतर नाही मारला, त्याचं काय झालं?

एवढं इचाराची अक्कल येवाले एक पाय गेला. तोबी माया नव्हता.